कूपन आणि कोठी

(हातीखाना, सकाळची वेळ. गोण्या वाहणाऱ्या हातगाड्या, तराजू, तोंड उघडलेली पोती.)

वडोदऱ्याचा हातीखाना. नाव हत्तींचं, व्यवहार धान्याचा. उन्हाळा तापायला लागला की इथे नवा गहू येतो आणि शहरातली कितीतरी घरं वर्षाचा गहू एकदाच भरून टाकतात. गुजरातच्याच भाल प्रदेशातला भालिया, किंवा भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला लोक-१, म्हणजे आपला लोकवन. गहू निवडायचा, ऊन द्यायचं, एरंडेल चोळायचं आणि कोठीत भरायचा. दांडिया बाजारातली मराठी घरंही पिढ्यान् पिढ्या हेच करत आली आहेत. ही बेगमी आपण महाराष्ट्रातून येताना बरोबर आणली की इथे येऊन शिकलो, यावर दोन्हीकडची माणसं तासभर भांडू शकतील.

(एक स्वयंपाकघर. ओट्यावर फोन वाजतो.)

अशाच एका घरातल्या सुनेच्या फोनवर मात्र दुसरीच बेगमी येते. ‘७९९ रुपयांच्या किराण्यावर १०० रुपये सूट. फक्त आज रात्री बारापर्यंत.’

हे शंभर रुपये कोण देतं, आणि का देतं?

गोष्ट जुनी आहे आणि अमेरिकेतली आहे. १८८७ साली कोका-कोलाच्या प्रचारासाठी कूपनं वाटायला सुरुवात झाली. पेल्याची किंमत पाच सेंट. कूपन दाखवा, एक पेला फुकट. पुढे साबणापासून सकाळच्या न्याहारीपर्यंत सगळं कूपनवर मिळायला लागलं. तिथे दुकानदार गिऱ्हाइकाला सूट देतो, कात्रणं जमवून कंपनीकडे पाठवतो आणि कंपनी त्याला सुटीची रक्कम अधिक हाताळणीचे काही सेंट परत करते.

कंपनीचा हिशेब साधा आहे. भाव सरसकट उतरवला तर सगळ्यांनाच स्वस्त द्यावं लागतं. कूपन काढलं, तर कात्री घेऊन बसायला ज्याला वेळ आहे त्याच्यापुरतीच किंमत उतरते. बाकीचे पूर्ण पैसे देतात, तेही न कुरकुरता.

आपल्याकडे कागदी कूपन तेवढं रुजलं नाही. मालावर कमाल किंमत छापलेली असते, आणि त्यापेक्षा कमी घ्यायला दुकानदाराला कोणी अडवत नाही. सूट द्यायची तर तो तोंडीच देतो. शिवाय गिऱ्हाइकाला कागदाच्या कपट्यापेक्षा चहापत्तीच्या पाकिटाला चिकटवलेली स्टीलची वाटी जास्त खरी वाटायची. वडोदऱ्याच्या दुकानात आजही ऐकू येतं, “बेन, आमां स्कीम छे,” म्हणजे ताई, यावर स्कीम आहे.

फोनवरचं कूपन वेगळं. त्याला कात्री लागत नाही, पण ते तुमची यादी वाचतं आणि ती लांबवतं.

(कागदावर आकडे लिहिणारा हात.)

समजा, घरची यादी ६४० रुपयांची आहे. सवलतीसाठी आणखी १५९ रुपयांचं काही तरी हवं. सून म्हणते, “आई, कुकीज घेऊ का?” कुकीज घेतल्या तर बिल ७९९, सूट वजा जाता ६९९. म्हणजे ज्याची गरज नव्हती त्यासाठी घरातून ५९ रुपये जास्त गेले. सासू म्हणते, “अगं, तूरडाळ संपत आलीये, ती टाक.” बिल तेच, ६९९. पण पुढच्या आठवड्यात लागणारी १५९ ची डाळ ५९ ला आली. कूपन तेच, आकडेही तेच. एकदा शंभर वाचले आणि एकदा एकोणसाठ गेले.

आता तेल. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एक लिटर खाद्यतेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. वेष्टनात माल किती असावा याची ठरलेली मापं २०२१ च्या नियमदुरुस्तीने काढून टाकली. त्यामुळे लिटरच्या पिशवीसारखीच दिसणारी ८५० ग्रॅमची पिशवी शेल्फवर बसू शकते. समजा, लिटरची पिशवी १५५ रुपयांना आहे आणि ८५० ग्रॅमची १५० ला, वर पाचाचं कूपन. दुसरी दहा रुपयांनी स्वस्त दिसते. किलोचा भाव काढा: पहिली १७० रुपये ३० पैसे, दुसरी १७० रुपये ६० पैसे. कूपन लावूनही महागच. त्याच दुरुस्तीने पाकिटावर एककाचा भाव छापणंही सक्तीचं केलं आहे. किलोपेक्षा कमी माल असेल तर दर ग्रॅमचा, जास्त असेल तर दर किलोचा. अक्षरं मुंगीएवढी असतात, पण असतात.

(पुन्हा हातीखाना. उघड्या पोत्यातून डाळीत फिरणारा हात.)

डाळीचा हिशेब कराशी जोडलेला आहे. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बंद पाकिटातल्या डाळ-तांदळावर पाच टक्के जीएसटी लागतो. पोत्यातून सुटी मोजून घेतली तर लागत नाही. व्यापाऱ्यांनी लगेच सव्वीस किलोच्या गोण्या काढल्या, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे पाकिटावरच्या पाच टक्के सवलतीत मोठेपणा फार नाही. तेवढा फरक करातूनच पडतो. सुट्या मालात खडा निघू शकतो, निवडायला वेळ लागतो, हेही खरंच.

मग कूपन घ्यायचंच नाही? असं कुठे. चहा, टूथपेस्ट, अंगाचा साबण, म्हणजे जे खराब होत नाही आणि ज्याचा ब्रँड घरात ठरलेला आहे, त्यावर सूट आली तर दोन महिन्यांचं घेऊन ठेवावं. फक्त सूट कुठल्या किमतीवर धरली आहे ते पाहावं. साबण, टूथपेस्ट, शांपू यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला अठरावरून पाचावर आला. ‘आधीची किंमत’ म्हणून त्यापूर्वीचा आकडा खोडून दाखवला असेल, तर ती सूट सरकारची आहे, दुकानाची नाही. आणि बिलाच्या तळाशी पोहोचवण्याचे, हाताळणीचे पैसे लागले असतील, तर तेही शंभरातून वजा करावेत.

(जिन्यात उभ्या चार शेजारणी, मधोमध गोणी.)

एका घराला सव्वीस किलो तूरडाळ जड होते. चार घरांना नाही. म्हणून या जिन्यात डाळीची गोणी वाटून घेतात, पंधरा किलोचा सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, डबाही. तूरडाळ आज आली. चण्याचं अजून ठरलेलं नाही; भाव जरा चढा आहे, सोमवारी पुन्हा विचारतील.