वाट चुकली आणि दगड सापडले

नमस्कार मंडळी! आज तुम्हाला पार केनियात घेऊन जाते, तुर्काना तलावाच्या पश्चिमेला, जिकडे बघाल तिकडे ऊन आणि दगडगोटे असा मुलूख. 9 जुलै 2011. सोनिया हरमांड आणि जेसन लुईस या पुरातत्त्वज्ञांची टीम भलतीकडेच निघाली होती, वाट चुकली, म्हणून कुठे आलोय ते बघायला टेकाडावर चढली, आणि तिथली जागा बघून म्हणाली चला इथेच जरा शोधूया. चहाच्या वेळेपर्यंत तिथल्याच तुर्काना जमातीच्या माणसाला, सॅमी लोकोरोडीला, मुद्दाम फोडलेले दगड, म्हणजे दगडी हत्यारं, दिसली पण!

या जागेचं नाव लोमेक्वी 3. वय 33 लाख वर्षं. वय कसं कळलं? तर तिथल्या थरांमधे ज्वालामुखीची राख आहे, राखेचं वय काढता येतं, शिवाय पृथ्वीचं चुंबकत्व तेव्हा कुठल्या दिशेला होतं त्याची खूण मातीत राहते, ती पण जुळवली.

आता हे ऐका. आपल्या होमो वंशाचा आत्तापर्यंतचा सगळ्यात जुना अवशेष म्हणजे इथिओपियातला एक जबडा, साधारण 28 लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे हत्यारं त्याच्याही 5 लाख वर्षं आधीची! आधी माणूस आला आणि मग त्याने हत्यार घडवलं असं आपण शाळेत धरून चाललो होतो, ते उलटंच निघालं की. मला तर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागेना.

आणि दगड तरी केवढाले! काही बेसॉल्टचे, आपला पाटा-वरवंटा असतो ना काळ्या दगडाचा, तोच. एक तर 15 किलोचा आहे, तो बहुतेक खाली ऐरणीसारखा ठेवलेला. फोडायचे दगडही मोठेच, एका हातात धरून कसे फोडणार, म्हणून हत्यारं घडवणारे ते दोन्ही हातांनी उचलून खालच्या दगडावर आपटायचे, नाहीतर खालच्या दगडावरच ठेवून वरून दुसऱ्या दगडाने ठोकायचे. नुसतं ठोकून चालत नाही हं, कडेला नेमक्या कोनात घाव बसला तरच धारदार टवका उडतो. इथल्या दगडांवर फसलेले घाव पण आहेत, एकाच जागी परत परत मारलंय, टवका मधेच अडकून तुटलाय, तरी सोडलं नाही, पुन्हा मारलंय. मला सगळ्यात जास्त जीव लागतो तो या फसलेल्या घावांवर.

इथिओपियात गोनाला 26 लाख वर्षांपूर्वीचे दगड मिळालेत, ते आटोपशीर, हातात मावणारे, तोवर हात चांगलाच बसलेला.

पण लोमेक्वीतला एक टवका आहे, तो ज्या दगडातून उडाला तो दगड पण सापडला. दोन्ही जवळ आणून लावून बघितले तर चपखल बसले.