पहिल्या दहांचं ठीक, पुढच्यांचं काय?

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

समितीने मला विषय दिला: हायस्कूल बास्केटबॉलच्या रँकिंगवर, म्हणजे देशभरच्या खेळाडूंना क्रम लावणाऱ्या यादीवर, विश्वास ठेवावा का? यामागचा खरा प्रश्न मघाशी जेवणाच्या रांगेतच कानावर आला. मुलगा नववीत आहे, ट्रॅव्हल टीमकडून (शाळेबाहेरचा, ठिकठिकाणी स्पर्धा खेळणारा संघ) खेळतो आणि एका 'एक्स्पोजर कॅम्प'ची ईमेल आली आहे. पैसे भरा, आमचे परीक्षक बघतील, नाव यादीत येईल. तर भरावेत का?

त्याकडे येतोच. आधी यादीची बाजू घेतो, कारण तिला नावं ठेवणं फार सोपं आहे.

२०२० साली हायस्कूल संपवणाऱ्या मुलींची ईएसपीएनची यादी काढून बघा. पहिली पेज बेकर्स, दुसरी एंजल रीस, तिसरी कॅमेरन ब्रिंक, चौथी केटलिन क्लार्क. २०२४ च्या डब्ल्यूएनबीए (महिलांची व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, क्लार्क पहिली, ब्रिंक दुसरी, रीस सातवी. २०२५ मध्ये बेकर्स पहिली. हायस्कूलमधल्या पोरींबद्दल चार-पाच वर्षं आधी एवढं बरोबर सांगणं खायचं काम नाही. मुलांमध्येही २००३ चा लेब्रॉन जेम्स किंवा अलीकडचा मेन राज्यातला कूपर फ्लॅग, यांच्याबाबतीत यादी चुकली असं कोण म्हणेल? २००६ मध्ये ग्रेग ओडन पहिला आणि केव्हिन ड्युरंट दुसरा होता, याची अजून टिंगल होते, कारण पुढे मोठा झाला तो ड्युरंट. पण पुढच्या वर्षी एनबीए या व्यावसायिक लीगच्या संघांनीही त्यांना त्याच क्रमाने घेतलं. ओडनचे गुडघे गेले, त्याला यादीवाले काय करणार?

तेव्हा पहिल्या दहा-पंधरांपुरती यादी बऱ्यापैकी भरवशाची. घोळ त्याखाली सुरू होतो. चाळिसावा आणि नव्वदावा यांच्यात फरक किती? माझ्या मते जवळजवळ शून्य. पण यादीत पन्नास घरांचं अंतर दिसतं आणि आईबाप तेवढ्यावर रात्री जागवतात.

आपल्यापैकी बरेच जण बोर्डाच्या मेरिट लिस्टच्या धाकात वाढले. ती यादी कशीही असो, पेपर सगळ्यांना एकच होता. इथे पाच लाखांहून जास्त मुलं हायस्कूल बास्केटबॉल खेळतात, प्रत्येकाचा पेपर वेगळा, आणि तपासणारे बघतात त्यातली थोडीशीच. बघतात कुठे? मुख्यतः बुटांच्या कंपन्यांच्या उन्हाळी लीगमध्ये: नाइकीची, आदिदासची, अंडर आर्मरची. असल्या स्पर्धेला एकदा जाऊन या. एका प्रचंड हॉलमध्ये शेजारीशेजारी आठ-दहा कोर्ट. शिट्टी तिसऱ्या कोर्टवर वाजते आणि चौथ्यावरची मुलं थांबतात. मांडीवर लॅपटॉप घेतलेले परीक्षक घडीच्या खुर्च्या ओढून पहिल्या कोर्टपाशी दाटीवाटीने बसलेले, कारण तिथे आधीच नाव झालेला मुलगा खेळतोय. सातव्या कोर्टपाशी फक्त आईवडील आणि सरबताचा कूलर.

जा मोरंट या खेळाडूची गोष्ट याच सातव्या कोर्टची आहे. २०१६ चा उन्हाळा, साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गचा कॅम्प. मरी स्टेट विद्यापीठाचे असिस्टंट कोच जेम्स केन दुसऱ्याच मुलाला बघायला आले होते. भूक लागली म्हणून खायला काही घ्यायला निघाले, तर मागच्या छोट्या जिममधून चेंडूचा आवाज आला. आत तीन-तीनचा खेळ चालला होता आणि त्यात मोरंट होता, कुठल्याही मोठ्या यादीत नसलेला. २०१९ मध्ये एनबीएने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिला होता झायन विल्यमसन, जो शाळकरी वयात त्याच्याच ट्रॅव्हल टीममध्ये होता आणि ज्याचं नाव देशभर झालं होतं.

दुसरी अडचण शरीराची. शिकागोचा अँथनी डेव्हिस हायस्कूलमध्ये सात-आठ इंच वाढला. २०१० च्या वसंत ऋतूपर्यंत त्याला धड विचारत होतं ते एकटं क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठ. मग तो ट्रॅव्हल टीमकडून खेळताना लोकांना दिसला आणि काही महिन्यांत यादीच्या माथ्यावर गेला. याउलट मिशिगनचा इमोनी बेट्स पंधराव्या वर्षी, २०१९ मध्ये, स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या मुखपृष्ठावर होता. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर ४९ वा लागला. बाकीची मुलं वाढायची राहिलेली असताना जो आधी वाढतो तो नववीत राजा असतो. म्हणून नववीच्या यादीला मी काडीची किंमत देत नाही. बारावीच्या शेवटच्या यादीला देतो, पण त्यातही एक मेख आहे. ड्यूक किंवा केंटकीसारख्या नावाजलेल्या विद्यापीठाने एखाद्याला ऑफर दिली की पुढच्या फेरबदलात तो वर सरकतो, असं या वर्तुळातले लोक सर्रास सांगतात. म्हणजे कॉलेजच्या कोचचं मत यादीत मुरतं, आणि मग यादी अचूक निघाली म्हणून आपणच कौतुक करतो.

त्यात आता पैसा आलाय. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, बहुतेक राज्यांत हायस्कूलच्या मुलांनाही. वरच्या नंबराला भाव आहे, त्यामुळे तो वर नेण्यात रस असलेली माणसंही वाढली. दुसरीकडे ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद) कोच बावीस-तेवीस वर्षांचा तयार गडी घेतात. यादीत सत्तरावा असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला त्यामुळे आधीच जागा कमी.

आता कॅम्पचे पैसे. ज्या मुलाचं नाव खरोखर पहिल्या शंभरात यायचं असतं, त्याला बहुतेक वेळा बुटांच्या कंपन्यांचे संघ स्वतःहून बोलावतात. यादीसाठी जो तुमच्याकडे पैसे मागतो, त्याची यादी कॉलेजचा कोच उघडतही नाही. मुलाला मजा येत असेल, मित्र जात असतील, तर जरूर पाठवा. रँकिंगसाठी पाठवू नका.

आपल्या बहुतेक मुलांसाठी पल्ला वेगळा आहे. एमआयटी, शिकागो विद्यापीठ, एमरी, जॉन्स हॉपकिन्स ही सगळी बास्केटबॉल डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात, खेळतात. (एमआयटी म्हटल्याबरोबर मागची रांग ताठ बसली, बघितलं मी.) तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण प्रशिक्षकाला खेळाडू हवेच असतात आणि ते त्याला राष्ट्रीय यादीत शोधून सापडत नाहीत. दहावीनंतरच्या उन्हाळ्यात मुलाने त्याला लिहावं: उंची, ग्रेड्स आणि एक-दोन पूर्ण सामन्यांचा व्हिडिओ. नुसत्या निवडक बास्केटची जोडपट्टी नको. चेंडू हातात नसताना मुलगा बचावात कुठे उभा राहतो, हे त्याला बघायचं असतं. आणि ईमेल मुलाने लिहावी, बाबांनी नाही. कोचला ते दुसऱ्या ओळीत कळतं.