बोर्डावरचा नऊ नंबरचा नियम

नमस्कार मंडळी. आज नियमांवर बोलायचंय, पण लगेच चॅनल बदलू नका, कारण सुरुवात माझ्याच फजितीपासून करणार आहे. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, चोवीस फ्लॅटची बिल्डिंग, आणि दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने गेटजवळ चौदा नियमांचा लॅमिनेट केलेला बोर्ड लावला. मीटिंगमध्ये बहुमताने पास वगैरे सगळं रीतसर. त्यातला नऊ नंबरचा नियम असा की पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये सभासदांनी गाडी लावायची नाही. आणि एका धो धो पावसाच्या संध्याकाळी मीच माझी स्कूटर तिथे लावली, कारण तिथे शेड आहे ना! दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली एक अक्षर लिहिलं नाही. बोर्ड मात्र फोटोत बरोब्बर आला होता.

नंतर विचार केला तेव्हा कळलं की तो नियम करताना माझ्या डोळ्यासमोर तळमजल्यावरची ती पांढरी कार होती, स्वतःची स्कूटर नव्हतीच.

आता यावरून मला एक गाव आठवतं. गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा, लेखा गावाजवळ म्हणून मेंढा-लेखा. जेमतेम पाचशेच्या आसपास वस्ती, गोंड आदिवासींची. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांची घोषणा ऐकली असेल, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. ऐकायला एकदम बंडखोर वाटते, पण खरी गंमत पुढे आहे. आम्हीच सरकार म्हटलं की मग तक्रार कोणाकडे करायची? आणि शिव्या कोणाला घालायच्या?

तिथे ग्रामसभेत मतदान करत नाहीत, निर्णय सर्वसहमतीने होतो, एक जरी माणूस नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. आपल्याला वाटतं हे कसलं काम, वर्षानुवर्षं काही ठरणारच नाही. पण बहुमताचं आमच्याकडे काय होतं ते मी रोज बघतो, जो हरतो तो मीटिंगमध्ये गप्प बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून शांतपणे नियम मोडायला लागतो, कारण त्याने हो म्हटलेलंच नसतं, आणि मग आम्ही दंड लावतो, तो दंड भरत नाही, आणि मग पत्रापत्री. मेंढ्यात वेळ आधी जातो, आमच्याकडे नंतर जातो, एवढाच काय तो फरक. शिवाय तिथे अभ्यास गट असतात, म्हणजे एखाद्या विषयावर लोक आधी बसून समजून घेतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून विचारतात, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत. गावातलेच देवाजी तोफा आणि त्यांना साथ देणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावं या सगळ्याशी जोडलेली आहेत, पण तिथे कोणी एक साहेब बसून हुकूम सोडतोय असं चित्र नाही.

बांबूची गोष्ट तर सांगायलाच हवी. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला खरा, पण बांबू तोडून गावाबाहेर विकायला न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि त्या परवान्यांचं पुस्तक तेव्हा वनखात्याच्या हातात. वर वाद असा की 1927 च्या वन कायद्यात तेव्हा बांबू म्हणजे झाड होता (2017 मध्ये ते बदललं) आणि 2006 च्या कायद्यात तोच गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातला इतर माल, जो गावाला विकता येतो. वनस्पतीशास्त्रवाल्यांना विचाराल तर ते गवत म्हणतील! शेवटी 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे दिलं. साधं पावतीबुकासारखं पुस्तक हो, त्यासाठी एवढं रामायण.

पण मला खरी परीक्षा त्याच्यानंतरची वाटते. आधी जंगल तोडणारा बाहेरचा होता, कागद कारखान्यासाठी बांबू जायचा, त्याला अडवणं सोपं नव्हतं पण निदान समोर कोणीतरी होतं. आता कुऱ्हाड पण आपली, परवाना पण आपला, आणि बांबूला भाव पण चांगला. म्हणजे किती तोडायचं आणि कुठे थांबायचं हे ज्याला पैसे मिळणार त्यानेच ठरवायचं. माझ्या स्कूटरचा प्रॉब्लेम तोच होता, फक्त तिथे पावसाऐवजी पैसा. आणि ही माणसं त्याच्याही पुढे गेली, 2013 मध्ये गावाने ग्रामदान केलं, महाराष्ट्राच्या 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली, म्हणजे स्वतःच्या शेतजमिनीची मालकीसुद्धा ग्रामसभेच्या नावावर. मला माझा पार्किंग स्लॉट सोडवत नाही.

असो. तर गेल्या महिन्यात आम्ही पाण्याच्या वेळेचा विषय मतदानाला न टाकता तसं करून बघायचं ठरवलं, सगळे हो म्हणेपर्यंत थांबायचं. तीन रविवार झाले. तेवीस घरं हो म्हणतायत, पहिल्या मजल्यावरचे एक काका नाही म्हणतायत आणि कारण सांगत नाहीत. पहिल्या रविवारी सगळे त्यांच्यावर चिडले, दुसऱ्या रविवारी मी चिडलो, तिसऱ्या रविवारी कोणीतरी विचारलं की काका, तुमच्याकडे सकाळी पाणी नक्की किती वाजता चढतं? ते म्हणाले, या एकदा सकाळी, बघा. तर या रविवारी साडेसहाला मी बादली घेऊन त्यांच्या बाथरूममध्ये उभा असणार आहे.