पीआर नाकारला? आधी टिपणं मागवा

श्रोतेहो, नमस्कार. कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा अर्ज नामंजूर झाला की हाती एक पत्र येतं. त्यात कायद्याची कलमं असतात आणि ‘तुम्ही अटी पूर्ण करता याची खात्री पटली नाही’ अशा अर्थाचं एखादं वाक्य. खात्री का पटली नाही, ते अधिकाऱ्याच्या टिपणांत असतं. या टिपणांची ताकद काय, ते मेव्हिस बेकर यांच्या प्रकरणातून कळतं.

बेकरबाई जमैकाच्या. 1981 मध्ये पाहुण्या म्हणून कॅनडात आल्या आणि 11 वर्षं लोकांच्या घरी राहून घरकाम करत पोट भरलं. चार मुलं तिथेच झाली, ती कॅनडाची नागरिक. शेवटच्या बाळंतपणानंतर त्यांना गंभीर मानसिक आजार जडला, आणि 1992 च्या डिसेंबरात देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. त्यांनी माणुसकीच्या आधारावर अर्ज केला, की इथे राहूनच पीआर मागू द्या. सोबत डॉक्टरांचं पत्रही जोडलं. एप्रिल 1994 मध्ये उत्तर आलं: पुरेसा आधार नाही. बस्स, एवढंच!

वकिलांनी कारणं मागितली, तेव्हा निर्णय देणाऱ्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यानं केलेली टिपणं मिळाली. बाई बेरोजगार, सरकारी मदतीवर. जमैकातली चार धरून एकूण आठ मुलं, आणि हे मुद्दाम मोठ्या अक्षरांत. घरकामाशिवाय काही येत नाही, जन्मभर सरकारवर मोठा भार होणार. डॉक्टर म्हणत होते की उपचार चालू राहिले तर त्या बऱ्या राहतील, कामालाही लागतील. टिपण नेमकं उलट सांगत होतं.

खालच्या दोन्ही न्यायालयांत बेकरबाई हरल्या. 9 जुलै 1999 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. अशा निर्णयाला लेखी कारणं हवीत, आणि ही टिपणं म्हणजेच ती कारणं, असं न्यायालयानं धरलं. मग तीच वाचून ठरवलं, की यात पूर्वग्रहाची रास्त शंका येते आणि मुलांच्या हिताकडे दुर्लक्ष झालं आहे. अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्यानं गेला. हे नीट ऐका: न्यायालय पीआर देत नाही, न्यायालय अर्ज पुन्हा तपासायला लावतं.

आता तुमचं प्रकरण. ही टिपणं ‘जीसीएमएस नोट्स’ म्हणून, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या संगणकातल्या तुमच्या अर्जाच्या नोंदी म्हणून, माहिती अधिकाराखाली मिळतात, शुल्क 5 डॉलर. तुम्ही कॅनडाबाहेर असाल तर तिथल्या माणसाला संमतिपत्र देऊन मागवा. नोट्स द्यायला कायद्यानं मुदत 30 दिवसांची, पण ती वाढवली जाते. घोळ होतो तो इथेच. फेडरल कोर्टात दाद मागायची मुदत, प्रकरण कॅनडातलं असेल तर फक्त 15 दिवस, बाहेरचं असेल तर 60. निर्णय कळल्यापासून 15 किंवा 60! नोट्सची वाट बघत बसलात तर मुदत हातची जाते. ‘कारणं मिळालेली नाहीत’ असं लिहून 50 डॉलर भरून अर्ज दाखल करा, कोर्ट स्वतः ती मागवून घेतं. ‘फेरविचार करा’ असा ईमेल पाठवल्यानं ही मुदत थांबत नाही. आणि कोर्टात तुमच्या वतीनं इमिग्रेशन कन्सल्टंट चालत नाही, कुणाला उभं करायचं तर वकीलच. कॅनडाबाहेरच्या जोडीदाराचा, आईवडिलांचा स्पॉन्सरशिपचा अर्ज असेल तर वाट वेगळी: स्पॉन्सरनं 30 दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जायचं.

जाता जाता कंपन्यांच्या एचआरवाल्यांना एक विनंती. पीआरच्या अर्जासाठी कुणी अनुभवाचं पत्र मागितलं तर ‘यांनी आमच्याकडे काम केलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असलं पत्र देऊ नका हो! माणसाची वर्षं वाया जातात. पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष काय काम केलं, हे सगळं लेटरहेडवर सहीनिशी लिहून द्या.

टिपणांत दिसलं की असा एखादा कागदच कमी पडला, तर कोर्टापेक्षा नवा अर्ज बरा. कारण कोर्ट सहसा अधिकाऱ्यापुढे होते तेवढेच कागद बघतं, नवे नाही. मात्र नव्या फॉर्ममध्ये आधीचा नकार नोंदवा. तो लपवला तर चुकीची माहिती दिल्याचा ठपका येऊ शकतो, आणि मग पाच वर्षं बंदी.