मनगटावरची दोन बोटं

[अंधारी खोली. घड्याळात रात्रीचे दोन.]

दचकून जाग येते. छातीत धडधड, छाती आवळल्यासारखी, पोटात ढवळून येतंय. कुणाला वाटतं, हा हार्ट अटॅकच. कुणी 'पित्त झालं असेल' म्हणून कूस बदलतो. दोघंही अंदाज करत असतात.

[मनगटाचं जवळून दृश्य.]

अंगठ्याच्या खाली, मनगटावर दोन बोटं ठेवा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. पण नुसता आकडा पुरत नाही, ताल पाहा.

मधेच एक ठोका चुकतो आणि पुढचा दणकन बसतो? तो चुकलेला नसतो. एक ठोका वेळेआधीच पडून जातो, इतका हलका की हाताला लागत नाही. मग हृदय क्षणभर थांबतं, त्यात जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका आतून थाप मारल्यासारखा जाणवतो. धडधाकट माणसातही हे होतं. धडधड बटण दाबल्यासारखी सुरू झाली, नाडी १५० च्या पुढे गेली आणि तशीच एकदम थांबली, तर दोष बहुधा हृदयाच्या विद्युतमार्गात असतो. ठोक्यांना तालच नसेल तर एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरण्याची, शंका घ्यावी लागते. त्यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून ते अंगावर काढू नये.

कारण हृदयाबाहेरही असू शकतं: रक्त कमी असणं, थायरॉईड वाढणं, ताप, साखर उतरणं, दम्याचा पंप, जास्त कॉफी. पॅनिक अटॅकही. तो काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. त्यातला त्रास अगदी खरा असतो, 'मनाचे खेळ' म्हणून तो उडवून लावू नका.

आणि मळमळ? अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, व्हेगस हा मज्जातंतू हृदयालाही जातो आणि जठरालाही. म्हणून पित्ताची जळजळ छातीत दुखते, आणि हृदयाचा झटका कधी नुसती मळमळ होऊन येतो. स्त्रिया, मधुमेही आणि वयस्कर माणसं यांच्यात तर छातीत फारसं न दुखताही.

छातीवर ओझं, कळ हातात किंवा जबड्यात, दरदरून घाम, धाप, भोवळ. यातलं काही असेल तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत निघू नका.

[ईसीजीचा कागद.]

या कागदावर हृदयाची जेमतेम १० सेकंदं असतात. पहिला ईसीजी चांगला आला तरी झटका नाही असं ठरत नाही, म्हणून तो पुन्हा काढतात, ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणीही काही तासांनी पुन्हा करतात. धडधड त्या १० सेकंदांत सापडली नाही, तर २४ तास होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं ईसीजी यंत्र, लावतात.

तोवर डॉक्टर विचारतील, "ठोके कसे पडत होते?" तेव्हा टेबलावर बोटानं वाजवून दाखवा.

[टेबलावर बोट. टक, टक... टक-टक. शांतता. टक.]