थांबलेल्या कामाची चिठ्ठी

पडद्यावर दिसते आहे ती प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची आहे. तिच्या स्टिअरिंगला सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवर माझ्या अक्षरात लिहिले आहे : ‘मागचे डावे चाक. नवा सिलिंडर बसवला. पाइप फक्त हाताने आवळला आहे, पान्हा लावलेला नाही. ब्रेकवर पाय ठेवू नये.’ कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, आमच्या घरामागच्या परसात ही गाडी साडेतीन वर्षे जाड लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. वहीतल्या नोंदींवरून प्रत्यक्ष कामाचे तास मोजले, तेव्हा ते दोनशेच्या थोडे वर निघाले. उरलेला सगळा काळ गाडी नुसती थांबून होती, आणि या चित्रफितीत मला सांगायचे आहे ते मुख्यतः त्या थांबण्याविषयी.

गाडी माझ्या आईची. ती डॉक्टर होती, आणि सकाळचा दवाखाना आटोपला की पंचगंगेपलीकडच्या वडणगे, प्रयाग चिखली या गावांतील बाळंतिणींना पाहायला ती हीच गाडी घेऊन जात असे. पद्मिनीचा गिअर जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो आणि पुढची सीट बाकासारखी सलग असते, त्यामुळे औषधांची पेटी हाताशी ठेवता येते, याचे तिला आजही कौतुक वाटते. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी पुढे बँकेत नोकरी धरली, तरी या गाडीचे बॉनेट उघडून आत काय चालते ते पाहण्याची सवय मला शाळेच्या वयातच लागली होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, आणि त्यानंतरही पाणी कितीतरी फूट चढत राहिले. आम्ही घर सोडून नातेवाइकांकडे गेलो, पण गाडी हलवता आली नाही. पाणी ओसरल्यावर तिच्या काचांवर आतून गाळाची रेघ उमटलेली दिसली. पुरातून निघालेल्या गाडीला स्टार्टर मारून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा लागतो, कारण सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. मी इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे दुधी झालेले तेल काढून टाकले, प्लगच्या भोकांतून डिझेल ओतले आणि पुढचे काम सवडीवर टाकले. ती सवड मिळण्याआधी जुलै २०२१ चा पूर आला.

प्रत्यक्ष काम जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. इंजिन जाम होते. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून, माझ्या नवऱ्याने आणि मी ती मागेपुढे ढकलत राहिल्यावर पाचव्या दिवशी पंख्याची पाती बोटभर हलली. मार्चमधल्या एका रविवारी मी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवले. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून हेडचे नट एका टोकाकडून सरसकट सोडले किंवा आवळले तर हेड वाकण्याची भीती असते. सोडताना बाहेरून आत यायचे आणि आवळताना मधून बाहेर जायचे, आणि दोन्ही वेळा थोडे थोडे करून. तो क्रम मी नीट पाळला. हेड उचलले, तेव्हा ६८ मिलिमीटर व्यासाची चारही सिलिंडरे समोर उघडी झाली, आणि दोन पूर पाहिलेल्या इंजिनाच्या मानाने त्यांच्या भिंती फारच स्वच्छ होत्या.

त्याच वेळी घरातून पडण्याचा आवाज आला. आई न्हाणीघरात घसरली होती आणि तिच्या डाव्या खुब्याचे हाड मोडले होते.

शस्त्रक्रिया, रुग्णालयातले दिवस, नंतर घरी आणलेला पलंग, वॉकर, रात्री दोनदा उठून तिची कूस बदलणे आणि सकाळी बँक, यांत पावसाळा येऊन गेला. सप्टेंबरमध्ये मी ताडपत्री काढली, तेव्हा चारही सिलिंडरांत पिस्टनच्या वर गंजाची तांबूस कडी धरली होती. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत उघडे बीड असेच गंजणार, हे मला माहीत होते. भिंतींना घट्ट तेल चोपडून वर फडके कोंबायला दहा मिनिटे पुरली असती. त्या दिवशी ती दहा मिनिटे दिली नाहीत, याचे मला अजिबात वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते पुढच्या पाच महिन्यांचे, कारण त्यांत तशा संध्याकाळी अनेक आल्या होत्या आणि मला एकदाही आठवण झाली नाही. माझ्या डोक्यात ‘हेड उतरवले’ अशी नोंद झाली होती, आणि ती पुऱ्या झालेल्या कामासारखी वाटत होती.

मग तिपाईला चेन ब्लॉक लावून इंजिन बाहेर काढले आणि टेंपोत घालून उद्यमनगरात नेले. पाण्याच्या पंपापासून साखर कारखान्याच्या सुट्या भागापर्यंत काहीही ओतून, कातून देणारी ती वसाहत आहे. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी सिलिंडरमध्ये बोट फिरवले आणि म्हणाले, “ताई, नुसतं घासून भागायचं नाही. बोअरच करावं लागंल.” सिलिंडर थोडे रुंद करून घ्यायचे आणि त्या मापाचे पिस्टन व रिंगा बसवायच्या, हा खर्च निव्वळ माझ्या विसरण्याचा होता.

सुटे भाग मिळवतानाही थांबण्याची किंमत कळली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट ११०० या नावाने ही गाडी तयार होत असे, १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले, आणि २००० च्या सुमारास उत्पादन संपले. त्यानंतरही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिचे भाग बाजारात फिरत राहिले. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची असल्याने शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आमच्या घरी आजारपण चालू होते, त्याच काळात दुकानदारांच्या फळ्यांवरची खोकी कमी होत होती. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा डायाफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, मला तिसऱ्या शहरात मिळाला, आणि तोही वर्षानुवर्षे पडून कडक झालेला. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते पाणी शोषून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवते, म्हणून मी पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घेतल्या.

२०२३ च्या मार्चमध्ये मुलाची दहावीची परीक्षा होती. हातोडी बंद, ग्राइंडर बंद. तेव्हा मी आवाज न करणारी कामे निवडली. परसातल्या उघड्या हवेत कार्बोरेटर सोडवून, प्रत्येक जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक भोकाची तोटी, धुऊन, उजेडासमोर धरून पाहिला आणि सुटे झालेले भाग उतरवल्याच्या क्रमाने स्टीलच्या ताटात मांडले. प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासून त्यांची फट फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पात्यांनी, लावली. व्हॉल्व्हना पेस्ट लावून ते हाताने फिरवत त्यांच्या बैठकीवर घासले, हे काम तर मुलगा शेजारी भूमिती सोडवत असताना केले. या तीन आठवड्यांत झालेले काम सर्वांत चांगले उतरले असे मला वाटते, कारण घाई करण्यासारखे त्यात काही नव्हतेच.

ब्रेकच्या वेळी मात्र चूक झाली. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, आणि प्रत्येक ड्रमच्या आत ब्रेक ऑइलच्या दाबाने शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या अस्तराच्या पट्ट्या, बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर असतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी मागच्या चाकांचे शू नवे अस्तर लावून बसवले होते आणि पाइप जोडत होते, तेवढ्यात सांगलीहून दिरांच्या सासऱ्यांच्या निधनाचा फोन आला. आम्ही तडक निघालो. चौथ्या दिवशी परत येऊन मी टाकीत ब्रेक ऑइल भरले आणि पेडल दाबले. पाइप आवळलेला नव्हता. तेल ड्रमच्या आत पसरून दोन्ही शूंच्या अस्तरात मुरले, आणि तेल प्यायलेले अस्तर पुन्हा भरवशाचे होत नाही. ही गोष्ट परसात घडली म्हणून नुकसान दोन शूंवर भागले. रस्त्यावर काय झाले असते, याचा विचार मी अनेक रात्री केला.

आई तेव्हा वॉकर घेऊन परसाच्या दारापर्यंत येऊ लागली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “ड्यूटी बदलताना आम्ही केसपेपरवर काय लिहायचो, ठाऊक आहे ना तुला? काय दिलं, किती वाजता दिलं आणि आता काय द्यायचं राहिलंय. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. तू काय लिहितेस?” माझ्या वहीत झालेल्या कामांची यादी होती, अर्धवट राहिलेल्या कामाची एकही ओळ नव्हती. त्या दिवसापासून चिठ्ठी स्टिअरिंगला बांधली जाते, कारण वही घरात राहते आणि स्टिअरिंग ओलांडून गाडीत बसता येत नाही. हाक आली, बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, तरी चिठ्ठी लिहूनच उठायचे, अशी घरातल्या सर्वांची आता समजूत आहे. न्हाणीघरातल्या आवाजासारखा आवाज आला तर अर्थात नाही. अशा वेळी चिठ्ठी लिहिण्याचे काम मुलाकडे सोपवले आहे.

आज पाइपला पान्हा लागला आहे आणि ब्रेकमधील हवा काढायची आहे. मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलने चालणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून, सर्वांत दूरचे, म्हणजे मागचे डावे चाक प्रथम घ्यायचे असते. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचे निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करून बुडबुडे बाहेर पडू द्यायचे आणि पेडल सुटण्याआधी ते पुन्हा बंद करायचे. पेडलवर आई आहे. चालकाच्या सीटवर ती आठ वर्षांनी बसली आहे. तिचा उजवा पाय पहिल्यापासून ठणठणीत आहे.

“दाब.”

“दाबलं.”

“धर. सोडू नकोस.”

पारदर्शक नळीतून आधी फेस आला, मग मोठे बुडबुडे, आणि अकराव्या खेपेला अखंड स्वच्छ तेल. मागचे उजवे चाक झाले, तेव्हा आईच्या कपाळावर घाम दिसला आणि तिच्या व्यायामाचीही वेळ झाली होती. मी निपल आवळले, रबरी टोपी बसवली आणि खिशातून पेन काढले. तिने हात पुढे करून ते माझ्याकडून घेतले, आणि तिच्या जुन्या, तिरप्या अक्षरात चिठ्ठी लिहिली : ‘मागची दोन्ही झाली. निपल घट्ट. पुढचे डावे बाकी.’ खाली तिने वेळ घातली, ११.४०.