दूध बाधलं आसंल

[दृश्य: पहाट, गंगावेशीतला दूध कट्टा]

म्हशीची धार पेल्यात पडतेय, वर बोटभर फेस. पोरानं बाळसं धरायचं ते याच दुधावर, हा कोल्हापूरचा जुना हिशेब. म्हणून तीन वर्षांची नात दोन घोट पिऊन ओकली, तेव्हा आज्जी म्हणाली, "दूध बाधलं आसंल."

दूध बंद झालं. जंताचं औषध झालं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. उलट्या चालूच. चार-चार दिवस शी नाही, पोट नगाऱ्यासारखं, आणि वजनाचा काटा वर्षभर जागचा हलेना.

आज्जी चुकली असं म्हणवत नाही. बहुतेक पोरांच्या पोटाचं कारण साधंच निघतं.

[दृश्य: आतड्यांच्या हालचालीचं रेखाचित्र]

घास पुढं सरकतो तो आतड्याच्या स्नायूंच्या लाटांवर. या स्नायूंना, त्यांना हुकूम देणाऱ्या नसांना ताकद पुरवतात पेशींतली मायटोकॉन्ड्रिया. तीच अधू असतील, तर जठर अन्न धरून बसतं, आतडं कुठंही अडथळा नसताना अडतं. सोनोग्राफी स्वच्छ येते. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "नाटकं करतीया."

डॉक्टरांनी पोट सोडून भलतंच विचारलं: संध्याकाळी पापण्या जड होतात? जिन्यात मध्येच बसते? ऐकू नीट येतं? पोटासोबत स्नायू, मेंदू, कान, यकृत यांचीही तक्रार असेल, तर संशय मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराकडं वळतो. रक्तातलं लॅक्टेट पाहतात, पेशींची ऊर्जा तोकडी पडली की वाढतं ते. पण ते नॉर्मल आलं म्हणून सुटका नाही. खात्री बहुधा जनुकीय तपासणीतूनच होते.

[दृश्य: स्वयंपाकघर, आईची पाठ]

मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो, 37 जनुकांचा, आणि तो आईकडून येतो. एवढं अर्धवट ऐकलं की सगळे सुनेकडं बघायला लागतात. पुढचंही ऐका की! मायटोकॉन्ड्रियाला लागणाऱ्या हजारावर प्रथिनांच्या सूचना पेशीकेंद्रात असतात, आई आणि बाबा दोघांकडून आलेल्या. लहान मुलांत दोष बऱ्याचदा तिथलाच असतो.

मुळापासून बरं करणारं औषध बहुतेक प्रकारांत अजून नाही. जपायचं ते उपासाला आणि तापाला. पोट रिकामं राहिलं की आधीच तोकडी ऊर्जा आणखी आटते. तापात उलट्या लागल्या तर घरी वाट बघायची नाही. दवाखान्यात सलाईनमधून ग्लुकोज द्यावं लागतं.

[दृश्य: रात्र, मोबाईलचा गजर]

आज्जी उठते. वाटीत मऊ भाताची पेज, दोन चमचे, मग थांबायचं. पुन्हा दोन चमचे.